सामान परत होणार नाही

बजेट बारा हजार चारशे.
त्यातले चारशे कुणाचे, हे अजून ठरलेलं नाही.
तांडापेठेतली गल्ली, मे महिना, पारा सेहेचाळीसवर,
आणि गोष्ट एवढीच :
तिरडीवरचा म्हातारा शिंकतो.
जिवंत आहे हे सगळ्यांना दिसतं,
पण दुकानात पाटी होती – सामान परत होणार नाही –
म्हणून माणसं आधी हिशेबाला बसतात.

आम्ही खऱ्या दुकानातून खरं सामान आणलं,
खोटं महाग पडत होतं.
दुकानदारानं विचारलं, कोणाचं?
हेमराज म्हणाला, शूटिंगचं.
दुःखात माणूस काहीही बोलतो,
हे त्यानं रोज पाहिलेलं.
मडकं फुकट दिलं.

मयत झाले वासुदेवराव निमजे,
वीज मंडळातून रिटायर, मीटर रीडर.
घरी सांगून आले होते,
नवरदेवाच्या बापाचा रोल आहे.

मी साउंड.
म्हणजे जाळे काढायचा बांबू, टोकाला माईक,
माईकला ताईच्या बाळाचा मोजा.
हेडफोन लावला की गल्लीतले सगळे कूलर कानात यायचे :
कुणाचं पातं घासतंय, कुणाचा पंप कोरडा चाललाय,
कोणत्या घरी खस बदललेली नाही, सगळं कळायचं.
मग दारोदार हात जोडायचे,
काकू, पाचच मिनिटं बंद.
हेडाऊ काकूंनी भाव सांगितला :
"मले रडाले घ्या."
घेतलं.
त्या अशा काही रडल्या
की एक ऑटोवाला इंजिन बंद करून उतरला,
चपला काढून उभा राहिला,
आणि कॅमेरा दिसल्यावरही
त्यानं त्या लगेच घातल्या नाहीत.

शिंक मात्र येईना.
तपकीर झाली, मिरपूड झाली,
नाकात दोऱ्याचं टोक फिरवून झालं.
नवव्या टेकला वासुदेवराव खरंच झोपले,
नाकातला कापूस घोरण्यासोबत वरखाली.
हेमराज ओरडला,
"काका, तुम्ही मेले आहा, घोरून काऊन राहिले?"
डोळे न उघडता उत्तर आलं,
"मेलेल्या माणसाले घाई कायची बे?"

गल्ली फुटली.
खांदेकरी खाली बसले,
रडणाऱ्या बायका भिंतीला टेकल्या,
हेमराजनं स्वतःच्याच डोक्यावर क्लॅप मारून घेतला.
कॅमेरा बंद होता.
बॅटरी वाचवत होतो.
माझा रेकॉर्डर तेवढा चालू.

ट्यूशन क्लासच्या हॉलमध्ये दाखवली.
एकतीस माणसं, त्यातले सोळा आम्ही.
शिंकेला कुणी हसलं नाही.
हिशेबाला दोघं, तेही दुकानदारच.
शेवटी पडदा काळा झाला,
नावं वर सरकायला लागली,
आणि अंधारात तेवढा आवाज :
घाई कायची बे,
मग गल्लीचं ते हसणं, मागून
कुणीतरी वैतागून पुन्हा सुरू केलेला कूलर.
पुढच्या रांगेत निमजे काकू,
सगळी नऊ मिनिटं लग्नाची वाट पाहत बसलेल्या.
पदर तोंडाला. खांदे हलत होते.
हसतात की काय, ते दिवे लागेपर्यंत कळणार नव्हतं.
दिवे माझ्याकडे होते.
मी जरा उशीर केला.

उरले ते दोन लांब बांबू.
कुणी घरात घेईना, फेकवेनात.
वासुदेवरावांनी सायकलला बांधले,
"माह्याचसाठी आणले होते न? मंग माह्येच."
त्यांवर दोडक्याचा वेल चढवला.

ऑगस्टात पिशवी आली, किलोभर, कोवळे.
आई म्हणाली, कोणाचे?
मी म्हणालो, शूटिंगचे.
तिनं दोनदा धुतले.