सूतभर

दुमागेतेच्या धक्क्यामागे, पत्र्याखाली, एकच टेबल.
डावीकडे जरासं कललेलं;
नोंग क्रिसान्तोनं ते कधी कुणाला सरळ करू दिलं नाही.
"कल ज्याला ठाऊक, टेबल त्याचं."

पहिला महिनाभर त्यानं मला
चुकायलाच शिकवलं.
पॉकेटच्या ओठाला लागून बॉल बाहेर राहावा,
सूतभर.
दोन सूत म्हणजे नाटक,
आणि नाटकावर खलाशी पैसे लावत नाहीत.
हाताला पावडर, तोंडाला कुलूप.
जिंकलास तर आधी दार बघ, मग नोटा मोज.

परवा माझ्याशीच खेळला, पन्नास पेसोंवर.
शेवटचा नऊ नंबर, सरळ समोर,
शेंबड्या पोरानंही घातला असता.
वाकताना त्याचा गुडघा वाजला.
बॉल गेला, ओठाला लागला, दोनदा हलला,
राहिला.
सूतभर बाहेर.

मी त्याच्याकडे बघत राहिलो:
डोळ्यांत मोतीबिंदू, की मनात डाव?
तो बोटांवरचा निळा खडू
सदऱ्याला पुसत होता.

नोट खिशात आहे अजून, मोडवत नाही.
उद्या पाचशेवर खेळू, म्हणालाय.