तिसरा

उद्यमनगरात दस्तगीरमामांनी बॉनेट उघडलं,
पान्याला हात लावला नाही.
नुसतं ऐकलं.
फियाट आचके देत थरथरत होती,
वायपरसुद्धा हलत होते.

मग चालू इंजिनातच
एकेका प्लगची वायर उपसली.
पहिली काढली, गाडी लंगडली.
दुसरी, तसंच.
तिसरी काढली,
काहीच झालं नाही.

"ह्यो बघा. नसला तरी
कुणाला पत्ता लागंना.
ह्योच आजारी."

प्लग काळा, पेट्रोलनं ओला.
पॉलिश पेपरनं घासला, गॅप धरली,
ठिणगी दोनदा बघितली.
साठ रुपये, चहा त्यांचाच.

आम्ही चौघं भाऊ.
सायबर चौकात कडेला घेतली,
इंजिन चालूच ठेवलं.
श्रीपतीचा नंबर
शोधावा लागला.