एर्मेलि~१

कोविल्याच्या लोकर गिरणीत, तळमजल्यावर,
सत्त्याण्णव साली आलेला एक माग आहे.
त्याच्या पोटातला संगणक एकच बोली बोलतो,
फाइली मागायची पहिली, भाबडी रीत:
दार वाजवायचं, नाव सांगायचं,
पासवर्ड भर चौकात मोठ्यानं उच्चारायचा
आणि उत्तर देणारा खरंच आपला आहे का,
हे विचारायचंच नाही.

वरच्या मजल्यावरच्या यंत्रांना
ती बोली विसरायला लावली मीच.
एका शुक्रवारी, एकेकाच्या आत शिरून, एकेक खूण पुसत.
सोमवारी सकाळी सातला बेल्मीरू जिना चढून आले,
टोपी हातात.
"इदालिना, मागाला नक्षी मिळत नाहीये.
तो विचारतोय आणि कुणी बोलत नाही त्याच्याशी."

पोर्तूहून आलेला तपासनीस म्हणाला, बंद करा.
बरोबरच होतं त्याचं.
मागच्या हिवाळ्यात दरीपलीकडच्या रंगशाळेत
अशाच एका किलकिल्या दारातून कुणीतरी शिरलं
आणि सगळ्या हिशेबांना कुलूप ठोकून पैसे मागत बसलं.
जुनं ते सोनं म्हणायची सोय उरलेली नाही.
पण माग बनवणारी कंपनी बुडून अकरा वर्षं झाली,
आणि नव्याची किंमत ऐकून मालकीणबाई
नुसत्या खिडकीबाहेर बघत राहिल्या,
एश्त्रेलाच्या बर्फाकडे.

मग मी अडगळीतून एक लॅपटॉप काढला,
बिजागरी तुटलेला.
दोन तारा जोडल्या,
एक तोंड वरच्यांकडे, एक मागाकडे,
मधे भिंत.
वरून एकच फोल्डर खाली उतरतो.
मागाला वाचता येतं, लिहिता येत नाही,
आणि बाहेर जग आहे
हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.
या दुभाष्यावर चिठ्ठी चिकटवली: बंद करू नये.
खाली तारीख घातली,
पुढच्या वर्षी मलाच लाज वाटावी म्हणून.

फोल्डर हलवताना दिसलं,
मागाला आठ अक्षरांपलीकडे नाव पेलत नाही.
उरलेलं छाटून त्याच्यापुढे ठेवावं लागतं
एक वळवळती रेघ आणि आकडा.
घोंगड्या, शाली, शाळेचे मफलर,
आणि मधेच
एर्मेलि~१, एर्मेलि~२, तीन, चार.

"ही एर्मेलि कोण?"
बेल्मीरूंनी कांडी बदलली, धागा जिभेवर ओला केला.
"एर्मेलिंदा. नऊ अक्षरं होती," म्हणाले,
"नक्ष्या काढायची. चौथी अर्धी आहे.
विणली तर मधेच पांढरं लागतं."

तपासनिसाचा अर्ज भरतेय.
कारण: उत्पादन.
धोका: मान्य. सही.
कधीपर्यंत,
हा रकाना तसाच राहिलाय.
खाली माग सुरू झाला,
कॉफीच्या कपात
गोल गोल कापरं उठतंय.