आवाजावरून

विद्याश्री बैलहोंगलची. डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला.
फॉर्म कानडीत, आधी ती मनात वाचते,
मग मराठीत विचारते, जपून,
फुटकी काच उचलावी तशी.
"गेल्या नव्वद दिवसांत, मावशी, किती दिवस?"

एकही नाही.

ती खूण करते. तेवढ्यात भागलं असतं
तर मीही केली असती खूण,
अकरा साली, सोळा साली,
आणि लॉकडाऊनमध्ये दुकानंच बंद होती
तेव्हा तर अख्ख्या मजगावने.

भरमा घरात नाही. सेकंड शिफ्ट.
उद्यमबागेत वाळू चाळतो, साचे बांधतो, बावीस वर्षं.
त्याच्या वाटचं मी सांगायचं, असं फॉर्मवरच आहे:
घरातल्या व्यक्तीने.

तर लिही. मला आवाजावरून कळायचं.
सायकलचा स्टँड एका लाथेत लागला, तर कोरडा दिवस.
दोनदा घसरला, तर नव्वदचं एक पाकीट.
स्टँड लावलाच नाही, सायकल भिंतीला टेकवली,
तर पगार झालाय, शिनोळीला जाऊन आलाय.
चपला काढायला लागलेला वेळ मी मोजायची
कुकरच्या शिट्ट्या मोजतात तसा.
पोरगी अंथरुणात डोळे मिटून
तेच मोजत होती,
हे फार उशिरा कळलं.

"म्हणजे तुम्हाला आधी कळायचं? पुन्हा पिणार ते?"
तिचं पेन थांबलंय. हा प्रश्न कागदावर नसावा.

कळायचं म्हणजे काय की.
सोळा साली आठ महिने राहिला.
सौंदत्तीची शपथ, कपाळभर भंडारा,
घराला स्वतः चुना काढला.
मी म्हटलं, सुटली. शेजारणीला सांगितलं. चकल्या केल्या.
नवव्या महिन्यात सायकल भिंतीला.
आणि ह्या खेपेला शपथ नाही, काही नाही,
एका मंगळवारी जेवता जेवता म्हणाला,
"हात थरथरूलालाय गं. जाऊन येतो दवाखान्याला."
मी मनात म्हटलं, पंधरा दिवस.
येत्या दसऱ्याला चार वर्षं होतील.

तोच सांगतो, कास्टिंग थंड झालं
की हातोडीने वाजवून बघायचं. खणखणलं तर पास.
पण आतला ब्लोहोल वाजवून कळतोच असं नाही,
तो दिसतो लेथवर, टूल आत गेल्यावर.
मग काय करता, मी विचारलं एकदा.
"वितळवायचं परत," म्हणाला,
"लोखंड हाय. फुकट जात नाही."
आणि पुढची भाकरी मोडली.

आमच्याकडे कशालाही हद्दीचं उदाहरण देतात.
आजारी इथवर, बरा तिथून, मधे दगड.
तो दगड मी बसमधून पाहिलाय एकदा.
त्याच्यावर शेळी उभी होती.

शेवटचा प्रश्न. मराठी शब्द तिला सापडत नाही,
तसाच विचारते: "अवरु आराम अदारेन्री?"
शब्द एकच. तिच्याकडे त्याचा अर्थ बरं असणं,
आमच्याकडे पाय पसरून पडणं.
मी जरा हसते. तीही, का ते न कळता.

मग सांगते: गेल्या गुरुवारी
तो साडेअकराला आला असणार.
भात ताटाखाली झाकून ठेवला होता,
सकाळी ताट घासून पालथं घातलेलं.
सायकल कशी लावली, मला माहीत नाही.
मी झोपले होते, बाई.
दारू सुटण्याच्या आधीपासूनची ती पहिली झोप,
ती आली तेव्हा
त्याने सोडून तीन वर्षं उलटली होती.

"हे कुठल्या रकान्यात लिहू?"
बघ तूच. जागा असेल तिथं.

मी चहाचं आधण ठेवते.
बाहेर कुणाच्या तरी सायकलचा स्टँड
घसरतो, एकदा.
कान जातो. अजून जातोच.
साखर किती घालू, मी विचारते.