एकोणीस आवर्तनं

तार्तूच्या सभागृहात आज पुन्हा लीवामॅगीची तिसरी सिंफनी.
समीक्षक तावेत पुढच्या रांगेत, मांडीवर स्वरलिपी उघडी.
समासात लिहितो:
इथे एकोणीस आवर्तनं काहीच घडत नाही,
नुसतं पाणी घालून वाढवलेलं.
खोटं नाही त्याचं.

वर गॅलरीत, खांबाआडच्या स्वस्त खुर्चीत
हेल्यू, कोट न काढता.
तिचा एंडेल ट्रॉम्बोन वाजवायचा इथे.
त्या एकोणीस आवर्तनांत त्याला काम नसे.
गुडघ्यावर बोटं आपटत मोजायचा
आणि मध्येच मान वर करून
खांबाआड तिला शोधायचा.

जिन्यात कुणीतरी विचारलं,
थोर होता का हो हा लीवामॅगी?
मला काय ठाऊक, ती म्हणाली,
एंडेल तर शिव्याच घालायचा,
शेवटाला ओठ सुजतात म्हणून.

उद्या तावेतचा लेख येईल. लोक भांडतील.
मी इथला पानं लावणारा;
दिवे जाण्याआधी स्टँडवरचं सगळं गोळा करतो.
ट्रॉम्बोनच्या जुन्या प्रतीत
एकोणीसच्या आकड्याखाली
पेन्सिलीचे बारीक ठिपके.
मोजले. चौदाच आहेत.