अक्रात अकरा

साडेचारची निलंगा फलाट दोनवर लावली,
माईक बंद केला,
आणि चौकशीच्या खिडकीतल्या फळ्यावर,
जिथं देगलूर, बिदर, अहमदपूरच्या वेळा पुसून पुसून
कोपरा पांढरा पडलाय,
खडूनं बारीक अक्षरात दोन गावं लिहिली.
अक्रा. दोदोमा.

कंडक्टर सूर्यभान वाकून वाचतो,
मॅडम, हा कुठला डेपो?
नवीन आहे, मी म्हणते.

अक्रात मन्मथ, आपल्या साडेपाच तास मागं.
दोदोमात बसलिंग, अडीच.
दोघांच्या मधे तीन तास,
म्हणजे उदगीर ते नांदेड, रस्ता खराब धरून.
एकाच मुलखाच्या दोन टोकांना
माझे दोन भाऊ जमिनीला भोकं पाडतात.

आधी एकाच गाडीवर पाडायचे.
तिचे हप्ते, डिझेलची वही,
आणि हाळीच्या शिवारात साडेआठशे फुटांवर
नुसता फुफाटा वर आला त्या रात्री
एकमेकांना बोललेले चार शब्द.
गाडी विकली. पैसे निम्मे निम्मे झाले.
माझ्या वाट्याला फोन आले.

मन्मथचा रविवारी, अक्रात अकरा वाजता.
पहिल्यांदा तो स्वतःच हसला होता,
अक्का, अक्रात अकरा,
इथं कुणाला सांगू हे?
म्हणून मग तीच वेळ धरली.
इकडं साडेचार,
चहाची आणि निलंग्याची.

बसलिंगचं काही ठरलेलं नसतं.
त्याच्या मनगटावर दोन वाजलेले असतात
आणि हाताखालचा पोरगा म्हणतो, आठ.
तिथं उगवतीपासून मोजतात म्हणे,
सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक.
मला नवल वाटलं नाही.
आई नाही का म्हणायची, दिवस कासराभर वर आला, उठा,
तिलाही बाराचे काटे कधी कळले नाहीत
आणि उशीर तर कधीच झाला नाही.

दोन वर्षं
एकानंही दुसऱ्याचं नाव काढलं नाही.
मीही नाही.
खिडकीत बसून बसून एक सवय लागलीय,
विचारलं तर सांगायचं,
न विचारता कुणाला गाडीत बसवायचं नाही.

परवा रात्री दहाला बसलिंगचा फोन.
तिकडं साडेसात, पोराच्या हिशोबानं दीड.
लागलं अक्का, म्हणाला, एकशेऐंशीला,
पाणी असं उसळलं, बाया भांडी घेऊन पळत आल्या,
मी भिजलो पार.
मग गप्प.
मागं कुठंतरी बादल्या वाजत होत्या.
मग म्हणाला,
तिकडं आता किती वाजले असतील?
कुठं रं?
तिकडं.

वीस वर्षं लोक मला वेळ विचारतात.
घसा कधी असा धरला नव्हता.
साडेचार, मी म्हणाले.
म्हणजे उजेड हाय अजून.
हाय.
कामावरच असंल मग.
असंल.
बरं, म्हणाला, आणि ठेवला.

मन्मथला मी हे कळवलं नाही.
त्यानं कुठं विचारलं होतं.

आज रविवार.
साडेचार झाले. पस्तीस. चाळीस.
निलंग्याचा ड्रायव्हर हॉर्न देतो,
एक म्हातारा विचारतो, बाई, हीच का ती?
हीच, बसा.
मन्मथचा नंबर मी लावते. बिझी.
पुन्हा लावते. बिझी.
ठेकेदार असेल.
ठेकेदार रविवारीही बोलतात.
दोदोमाचा लावून बघावा,
पण बोट तिथंच थांबतं.

पावणेपाचला निलंगा सुटली, पंधरा मिनिटं उशिरा.
वहीत कारणाच्या रकान्यात
काय लिहावं सुचेना.
सूर्यभाननं आणलेल्या चहावर साय धरली होती.
ती बोटानं बाजूला केली
आणि प्यायले.