एक जून

परभणीत स्टेशन रोडला, टायरच्या दुकानावर
आमची संस्था. दोन खोल्या, एक कूलर.
कूलर लावला की कागद उडतात
म्हणून उन्हाळाभर आम्ही घामच पसंत करतो.

बोर्डावर लिहिलंय: मुलांसाठी मोफत कायदेशीर मदत.
मोफत वाचून माणसं आधी घाबरतात.
चंदाबाई धोत्रे अर्धा तास दारातच उभी,
पदराच्या गाठीतले चारशे रुपये
सोडत, पुन्हा बांधत.

तिचा लखन आत आहे, मोठ्यांच्या बरॅकीत.
क्रशरवरची तांब्याची तार गेली.
तार सापडली नाही, लखन सापडला.
दिवस बारा जून.
शाळेच्या दाखल्यावर त्याचा जन्म एक जून.
म्हणजे त्या रात्री वय अठरा वर्षं, वर अकरा दिवस.
अकरा दिवसांचा मोठा माणूस.

आरेफा मॅडमनी विचारलं, खरा कधीचा?
बाई म्हणाली, तारीख कुठून आणू माय,
तवा आम्ही जिंतूरकडं खाणीवर होतो,
दिवाळी होऊन गेलती,
थंडी अशी की सुरुंगाची वात पेटंना.
पाचवी पुजायला पाटा नव्हता,
फोडलेला दगडच मांडला.
सटवाईनं त्याच्यावरच लिवलं असंल काय की.

सटवाईचं अक्षर कोर्टात चालत नाही,
म्हणून मी निघालो.
एसटीनं जिंतूर, पुढं काळीपिवळी,
मांडीवर कुणाची तरी शेळी.

हेडमास्तरांनी रजिस्टर काढलं, धूळ झटकली, चहा मागवला.
पान चौसष्ट. बोट ठेवून खाली येत गेलो:
एक जून
एक जून
एक जून
चौतीस पोरं, त्यातली एकतीस एक जूनची.
एका दिवसात गावात एकतीस बाळं,
आणि सुईण एकच असणार, बिचारी.

गुरुजी हसले नाहीत.
म्हणाले, सहा पूर्ण दाखवल्याशिवाय पहिलीत बसवता येत नव्हतं,
आईबाप म्हणायचे, टाका तुम्हीच एखादी.
टाकली. पोरं बसली, खिचडी जेवली.
मला काय माहीत, ती तारीख
एवढी लांब चालत जाईल.

संध्याकाळी अंगणवाडीच्या जुन्या ताईंकडे, कौसाबाईंकडे.
रिटायर होऊन सहा वर्षं झालेली,
पण गोधड्यांखालच्या पेटीत वह्या तशाच.
"धोत्रे चंदा. मुलगा. दोन किलो शंभर.
पहिला डोस, एकोणीस नोव्हेंबर. रडला नाही."
रडला नाही, असा रकाना वहीत नव्हता.
तो ताईंनी आपल्या मनानं आखलेला.

सरकारी वकील म्हणाले,
कायद्यात आधी शाळेचा दाखला. ही वही कशात बसते?
त्यांचंही चूक नव्हतं.
मॅडमनी पान चौसष्ट वाचायला घेतलं,
नाव, मग तारीख, नाव, मग तारीख, न थांबता.
अकराव्या नावाला साहेबांनी पेन खाली ठेवलं,
चष्मा पुसला,
वही फाईलला लावून घेतली
आणि पुढची तारीख दिली.
ज्याला जन्माची मिळत नव्हती त्याला
कोर्टाच्या तारखा भरपूर.

भेटीला गेलो तर लखन जाळीला नाक लावून म्हणाला,
म्हणजे मी नोव्हेंबरचा का, सर?
मंग रास बदलली की.
इथं पेपर येतो, मी रोज मिथुन वाचायलो.
नोव्हेंबरवाल्याचं काय लिवलंय आज?
मी पेपर नेला नव्हता.

रात्री प्रतिज्ञापत्र टाईप करताना
खाली साक्षीदाराचं वय लागतं. माझं.
बोटांनी आपोआप मारलं: एक जून.
आई जाऊन सात वर्षं झाली.
एवढ्या लोकांच्या आयांना विचारलं मी,
तिला विचारायचं राहिलं,
थंडी होती का.